अंगठी पडली की आधी फावडे बाजूला ठेवा

महोदय,

दिवाळीची सुट्टी सरत आली की गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत प्रत्येक किनाऱ्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘समुद्राने नेले.’ कुणाची अंगठी, कुणाची चेन, कुणाच्या एका कानातली कुडी. घटकाभर हाताने वाळू उपसायची, दोन पोरांना फावडी घेऊन बोलवायचे, मग समुद्राला नारळ वाढवून गाडीत बसायचे. सोन्याने 2025 मध्ये दहा ग्रॅममागे लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे हा नैवेद्य जरा महागच पडतो. त्यातून समुद्राने बहुतेक वेळा काही नेलेलेच नसते. बावीस कॅरेटचे सोने तेवढ्याच आकारमानाच्या वाळूच्या दाण्यापेक्षा साडेसहा पटींहून जड असते. अंगठी लाटेबरोबर फार हिंडत नाही, पडली त्याच्या आसपास खाली बसते. हिंडतात ती माणसे, आणि अर्ध्या तासाने नेमकी जागा कुणालाच सांगता येत नाही. किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर चालवणाऱ्यांच्या वतीने हे पत्र आहे ते यासाठीच. यंत्र कितीही चांगले आणले तरी पहिल्या तासात झालेली नासधूस त्याला भरून काढता येत नाही.

दागिना गेल्याचे लक्षात येताच जागचे हलू नये. काठी, बादली, चप्पल, जे हाताशी असेल ते तिथे रोवावे. मग मोबाइलवर लोकेशन सेव्ह करावे, पण नुसत्या त्यावर विसंबू नये. मोकळ्या किनाऱ्यावरही त्यात चार-पाच मीटरची चूक धरून चालावे लागते, आणि पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळपास ऐंशी चौरस मीटर वाळू. मच्छीमार दर्यात जागा धरतात तशी खूण धरावी. समोरचा वाकडा माड आणि त्यामागचा टॉवर एका रेषेत येतो का पाहावे. आडव्या दिशेला खडकाचे टोक आणि पलीकडचे एखादे घर अशी दुसरी रेषा धरावी. दोन्हींचे फोटो काढावेत. या दोन रेषा जिथे छेदतात ती जागा दोन दिवसांनी, चार भरत्या येऊन गेल्यावरही पायाखाली आणता येते. सोबत वेळ लिहून ठेवावी आणि पाण्याची कड कुठे होती, पाणी घोट्याला होते की गुडघ्याला, तेही. शोधणारा माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो, आणि बहुतेकांना आठवत नाही.

आता फावड्याविषयी. उपसलेल्या वाळूबरोबर अंगठीही बाजूच्या ढिगाऱ्यात जाते. भरती आली की खड्डा बुजतो, ढिगारा सपाट होतो, आणि आधी चार बोटे खोल असलेली वस्तू आता भलत्या ठिकाणी हातभर खाली असते. ओल्या वाळूत दहा-पंधरा जण नाचले तरी तेच. तांदूळ पाण्यात रोळताना खडे जसे तळाशी राहतात, तशी हललेल्या ओल्या वाळूत जड वस्तू खाली खाली उतरते आणि घट्ट थर लागला की थांबते. म्हणून कोरड्या वाळूत टॉवेल झटकताना पडलेली अंगठी दुसऱ्या दिवशीही वरच्या थरात मिळते, पण लाटेच्या कडेला पडलेली एक-दोन भरत्यांत वीतभर खाली गेलेली असू शकते. घाई करायची असेल तर ती डिटेक्टरवाल्याला बोलावण्याची करावी.

शोधाची वेळ समुद्र ठरवतो. कोकणातला जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला नि अमावास्येला सव्वाअकराच्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, दुसऱ्या दिवशी वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि भरतीनंतर सहा तासांच्या थोडे पुढे पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. सुकतीच्या दोन तास आधी पाण्याच्या मागोमाग उतरत शोध सुरू करावा आणि पाणी वळले की वर सरकावे. भरतीत कमरेएवढ्या पाण्यात गेलेली वस्तू उधाणाच्या दिवसांत सुकतीला उघड्या वाळूवर चालत जाऊन शोधता येते. तीच भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असणाऱ्या, दिवसांत पाण्याखालीच राहू शकते, मग तिथीची वाट पाहिलेली बरी. दक्षिणेकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. अलिबागच्या बाजूला उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो, वेंगुर्ल्याकडे जवळपास निम्मा. त्यामुळे अलिबागला जे जमते ते शिरोड्याला जमेलच असे नाही. कमरेच्या वर पाण्यात कॉइल, म्हणजे यंत्राची वाळूवर फिरवायची चकती, घेऊन शिरू नये. यंत्राकडे कान लागलेल्या माणसाला पायाखालची ओढ कळत नाही.

यंत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. मंदिराच्या किंवा मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तो दांडा वाळूत काही बोटांपलीकडे पोहोचत नाही. ऑनलाइन पाच-दहा हजारांत मिळणारे डिटेक्टर अंगणात ठीक, पण खाऱ्या ओल्या वाळूवर नेले की सतत ओरडत राहतात. कारण सोपे आहे. कॉइलमधून बदलते चुंबकीय क्षेत्र वाळूत जाते, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचे उत्तर कॉइल ऐकते. खारे पाणीही वीज वाहते, म्हणजे तेही उत्तर देते. बारीक सोने ऐकायला वरची वारंवारता लागते, आणि वरच्या वारंवारतेला मीठही जोरात बोलते. या कात्रीतून सुटण्याचे दोन रस्ते आहेत. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारे यंत्र खाऱ्या पाण्याचे उत्तर वजा करू शकते. दुसरे पल्स इंडक्शनचे यंत्र, ते मिठाला फारसे जुमानत नाही आणि खोलही जाते, पण लोखंड वेगळे काढण्यात कच्चे असते. होड्या ओढतात त्या किनाऱ्यावर पल्सवाले यंत्र नेले तर दिवसभर गंजके खिळे काढावे लागतील.

त्यात रत्नागिरीची वाळू आणखी वेगळी. मांडवीच्या काळ्या समुद्राची वाळू काळी आहे ती इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांमुळे. पांढऱ्या समुद्रावर लावलेले ग्राउंड बॅलन्स तिथे चालत नाही. स्वच्छ जागा बघून कॉइल वाळूपासून पाच ते तीस सेंटिमीटर वरखाली करत यंत्र जमिनीशी जुळवून घ्यावे लागते, आणि कोरड्याकडून ओल्याकडे जाताना, काळा पट्टा लागला की पुन्हा. तरीही कुरकुर थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी खाली आणावी. शांत यंत्र चार बोटे कमी खोल बघते, पण जे बघते ते खरे सांगते. नवखे नेमके उलटे करतात. गंमत अशी की हेच काळे पट्टे शोधणाऱ्याला हवेही असतात. इल्मेनाइट वाळूपेक्षा जड असल्याने समुद्र ते जिथे टाकतो तिथेच इतर जड वस्तूही टाकतो. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि किनारा खाली बसतो, तेव्हा आणि त्यानंतर वाळू परत चढायच्या आत, अशा पट्ट्यांत वर्षा-दोन वर्षांपूर्वी गेलेले दागिनेही उघडे पडू शकतात.

शोध सुरू करण्याआधी यंत्राला नमुना दाखवावा. कुडी एक हरवली तर दुसरी कानात असतेच. अंगठी असेल तर घरातली तशीच दुसरी चालते. छोट्या पिशवीत घालून, पिशवीला रंगीत दोरा बांधून, त्याच वाळूत आधी पाच मग दहा सेंटिमीटरवर पुरावी आणि आवाज कसा येतो, पडद्यावर कोणता आकडा दिसतो ते ऐकून-पाहून घ्यावे. दोरा विसरू नये, नाहीतर दुसरीही शोधावी लागेल. शोधणाऱ्याने स्वतःच्या बोटातली अंगठी आणि कडे घरीच ठेवावे, मोबाइल कॉइलपासून लांब.

दागिन्यानुसार किती फरक पडतो हे मालकांना ठाऊक नसते. अंगठी म्हणजे अखंड कडे, त्यात प्रवाह मोकळा फिरतो आणि अकरा इंची कॉइलखाली ती वीतभर खोलीवरही स्पष्ट बोलते. तीच अंगठी कुठे चिरली असेल तर आवाज एकदम पडतो. चेनचे दुर्दैव वेगळे. दोन तोळ्यांची असली तरी यंत्राला ती शेकडो सुट्या कड्यांसारखी दिसते, कारण कडीला कडी नुसती टेकलेली असते, प्रवाह एकीतून दुसरीत नीट जात नाही. तिचा जो आवाज येतो तो फाशाचा किंवा पदकाचा. बारीक चेन पाच-सात सेंटिमीटरच्या खाली गेली की हातची गेली असे समजावे, आणि वजनाच्या मानाने पसरट असल्याने लाटेत ती अंगठीपेक्षा जास्त सरकतेही. मंगळसूत्राचे काळे मणी यंत्राला दिसतच नाहीत, दिसतात त्या दोन वाट्या. दोरा तुटला असेल तर वाट्या मिळाल्यावर थांबू नये. सोन्याचे मणी आजूबाजूला विखुरलेले असतात आणि ते चाळणीनेच निघतात. जाता जाता, एक ग्रॅमवाल्या मुलाम्याच्या दागिन्याच्या आत पितळ असते आणि ते खऱ्यापेक्षा मोठ्याने बोलते. काय हरवले आहे ते खरे सांगण्यात लाज बाळगू नये.

सगळ्यात जास्त दागिने राहून जातात ते आकड्याच्या भरवशावर. यंत्रावर धातूचा अंदाज देणारा आकडा दिसतो आणि नको ते धातू गप्प करण्याची सोय असते. लोक कंटाळून ॲल्युमिनियम गप्प करतात. पण लहान सोन्याचे उत्तर आणि ॲल्युमिनियमचे उत्तर त्याच पट्ट्यात पडते. शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी आणि बायकांची अंगठी यांत यंत्राला फरक करता येत नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक भर: पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. जिथे पाग टाकतात तिथे त्या सुटून पडतात आणि हुबेहूब सोन्यासारखे गोल, गोड बोलतात. उपाय एकच, हरवल्याच्या जागी लोखंड सोडून काहीही गप्प करायचे नाही आणि प्रत्येक आवाज खणायचा. हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असल्याने ती लोखंडाच्या बाजूला पडतात, तेवढाच दिलासा.

पद्धत कंटाळवाणी आहे आणि तशीच असायला हवी. खुणेभोवती दहा मीटर बाजूचा चौरस चार खुंट्यांनी बांधावा, त्यात एकेक मीटरवर दोऱ्या. कॉइल वाळूला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर. झोक्याच्या टोकाला हात वर जातो आणि दोन्ही कडा न बघताच राहतात, ही सर्रास होणारी चूक. एका झोक्याला दीड-दोन सेकंद, पुढचा झोका अर्ध्या कॉइलने आधीच्यावर चढलेला. एवढा चौरस एका दिशेने करायला खणण्यासकट तास तरी लागतो. मग दोऱ्या काटकोनात फिरवून पुन्हा तेवढाच. वाळूत उभी अडकलेली अंगठी एका दिशेने मुकी आणि दुसऱ्या दिशेने बोलकी असू शकते.

आवाज आला की त्याच्या मागे दहा सेंटिमीटर सोडून खोरे घालावे, थेट डोक्यावर नाही. खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवावी. आवाज खड्ड्यात नसेल तर तो खोऱ्यात आहे. ती वाळू सपाट पसरून, अर्धी-अर्धी करत, पिनपॉइंटरने, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या डिटेक्टरने, बघावी. वाऱ्यावर उधळू नये. बाजारातल्या खोऱ्यांची भोके दहा-बारा मिलिमीटरची असतात. अंगठी राहते, पण नाकातली चमकी आणि कुडीची फिरकी आरपार जाते. त्यासाठी गिलाव्याची वाळू चाळायची जाळी बरी. ओली वाळू तिच्यातून उतरत नाही, मग घमेल्यात समुद्राचेच पाणी घेऊन जाळी त्यात बुडवून हलवायची. खड्डे बुजवणे हा कामाचाच भाग आहे. संध्याकाळी त्याच वाळूवर पोरे धावतात. घरी आल्यावर कॉइलचे आवरण काढून आतली वाळू गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र त्या वाळूलाच उत्तर देत बसते.

शहरातल्या जागांचे थोडक्यात. काँक्रीट आणि पेव्हरखाली सळई असेल तर डिटेक्टरचा उपयोग नाही, तिथे आरसा, टॉर्च आणि गटाराची जाळी उचलणारा माणूस कामाचा. खेळाच्या मैदानात जांभ्याचे खडे स्वतःच लोहयुक्त असल्याने खोटे आवाज देतात. बागेतल्या हिरवळीवर तीन बाजूंनी कापून गवताचा चौकोन झाकणासारखा उचलायचा आणि परत दाबून पाणी घालायचे, तेही नगरपरिषदेची परवानगी घेऊन. विसर्जनाच्या जागी मूर्तीतले खिळे, तारा आणि चमकीचे पत्रे एवढे असतात की विसर्जनाआधी मूर्तीवरचे सोने उतरवून दोघांनी मोजणे हाच खरा उपाय. आरतीच्या गडबडीत दरवर्षी हेच राहते.

जिथे खणायचेच नाही अशा जागाही आहेत. वेळास, आंजर्ले, कोळथरे, गुहागर या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेच्या वर, साधारण दीड फूट खोल अंडी घालतात. तिथे खुंटी ठोकण्याआधी कासवमित्रांना आणि वन विभागाला विचारावे, रात्री टॉर्च घेऊन फिरू नये. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, कुलाबा हे किल्ले केंद्रीय संरक्षित आहेत, त्यांच्या आवारात डिटेक्टर काढूच नये. आणि शोधता शोधता जमिनीत दडवलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही हाती लागले तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ‘नाणी जुनी होती, घरी ठेवली’ हे उत्तर चालत नाही.

सापडलेला दागिना सापडणाऱ्याचा होत नाही. करार कायद्याच्या कलम 71 प्रमाणे तो ठेवणारा फक्त राखणदार असतो. मालकाचा शोध न घेता खिशात घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मालकाने जाहीर केलेले बक्षीस मात्र कलम 168 प्रमाणे हक्काने मागता येते. शोध सुरू होण्याआधीच मेहनताना, येण्याजाण्याचा खर्च आणि ‘न सापडल्यास काय’ हे कागदावर लिहून दोघांनी सही केली की नंतरची तोंडे वाकडी होत नाहीत. मालकी पटवायला आता चांगली सोय झाली आहे. एप्रिल 2023 पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. भिंगाखाली तो वाचून बीआयएस केअर ॲपवर टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. मालकाचे नाव दिसत नाही, पण सराफाकडच्या बिलापर्यंत पोहोचता येते. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यांच्यासाठी फोटो हाच पुरावा. प्रवासाला निघण्यापूर्वी अंगावरच्या दागिन्यांचे आणि बिलांचे मोबाइलवर फोटो काढायला पाच मिनिटे लागतात.

आमची मागणी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती आणि नगरपरिषदांकडे आहे, आणि ती खर्चिक नाही. पर्यटकांकडून वाहनतळाचे नि स्वच्छतेचे पैसे जिथे घेतले जातात त्याच टेबलावर एक वही ठेवावी. दागिन्याचे वर्णन, वजन, तारीख, वेळ, पाण्याची कड, दोन खुणांच्या रेषा आणि एचयूआयडी एवढे रकाने पुरेत. सापडलेल्या वस्तूंची नोंद त्याच वहीत उलट बाजूने. ‘पोहू नये’च्या फलकाखाली आणखी दोन ओळी लिहाव्यात: दागिना हरवल्यास जागा सोडू नका, वाळू उकरू नका. किनाऱ्यावर शोध घेणाऱ्यांची नावे पंचायतीने नोंदवून घ्यावीत, म्हणजे कोण कधी काय शोधत होते हे कळेल आणि रात्री-अपरात्री यंत्र घेऊन फिरणाऱ्यांना जाबही विचारता येईल. महिन्यातून एकदा ट्रॅक्टरने किनारा साफ करायचा असेल तर आधी ती वही उघडून बघावी. ट्रॅक्टरच्या दात्यांनी एकदा वाळू फिरवली की खुणेच्या रेषांना काही अर्थ उरत नाही.

येत्या त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास भरती आहे आणि साडेपाचच्या आसपास सुकती. सूर्य सहाला मावळतो. दिवाळीत ज्यांचे काही राहिले आहे त्यांनी खुणांचे फोटो आणि, कुडी असेल तर, दुसरी कुडी घेऊन साडेतीनलाच किनाऱ्यावर यावे.

आपले,
किनाऱ्यावर शोध घेणारे काही जण, रत्नागिरी